पत्ता लिपाचाच हवा

१९६४ च्या ऑक्टोबरात आमच्या लिपा गावचं पोस्ट ऑफिस नव्या विटांच्या इमारतीत गेलं. नव्या जागेत नव्या पेट्या आल्या, किल्लीच्या, राखाडी रंगाच्या. आणि जुन्या पेट्यांची पितळी दारं भंगारात निघाली. एकशे बत्तीस दारं. प्रत्येक तळहाताएवढं. वर पंख पसरलेला गरुड, मधे इवलीशी काच, काचेवर सोनेरी आकडा, खाली अक्षरांची तबकडी आणि तिच्यावर फिरणारा काटा. काटा बरोबर तीन अक्षरांवर थांबवला की दार उघडायचं. लिपात टपाल घरी येत नसे. सगळं गाव सकाळी दहाला त्या दारांपुढं उभं असायचं. कुणाचा मुलगा सैन्यातून काय लिहितो, कुणाचं बँकेशी बिनसलंय, कुणाला ओमाहाहून निळं पाकीट येतं, हे सगळं तिथंच कळायचं.

माझ्या भावानं, लुमीरनं, ती सगळी दारं विकत घेतली. दोन खोक्यांत भरून, हातगाडीवर घालून त्यानं ती भर रस्त्यानं घरी नेली. लुमीर गावचा सुतार होता. आमच्याकडची निम्मी स्वयंपाकघरं, चर्चमधले बाक आणि बऱ्याच जणांच्या शवपेट्या त्याच्याच हातच्या. त्याची बायको व्लास्ता दारात उभी राहून म्हणाली होती, "घराला दोन दारं पुरत नव्हती का तुला, म्हणून आणखी एकशे बत्तीस आणलीस?"

पण पुढची युक्ती तिचीच. त्या हिवाळ्यात पोखोपांच्या घरी मुलगा झाला. व्लास्ता म्हणाली, "त्यांच्या आजोबांचा एक्केचाळीस नंबर होता ना? त्या दाराची गल्ल्याची पेटी कर की पोरासाठी." लुमीरनं अक्रोडाच्या लाकडाची पेटी केली. समोर एक्केचाळीस नंबरचं दार, वरच्या फळीला नाणं टाकायची फट, कोपऱ्यांचे सांधे असे दातात दात घालून बसवलेले की नखसुद्धा शिरू नये. बाप्तिस्म्याच्या दिवशी व्लास्तानं त्यात अर्ध्या डॉलरचं नाणं टाकलं. खण्ण आवाज झाला, बाळ दचकलं, आणि सगळे हसले.

तेव्हापासून लिपात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला पेटी मिळायला लागली. शक्यतो त्याच्याच घरच्या नंबराची. लुमीर पैसे घेत नसे. लाकूड कधी कुणाच्या पडलेल्या अक्रोडाचं, कधी कुणाच्या मोडक्या कपाटाचं. व्लास्ता आणि लुमीरला स्वतःला मूल नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. पण बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चमध्ये लुमीर काखेत पेटी धरून पहिल्या बाकावर बसलेला असायचा. पाद्र्याआधी तो आलेला असायचा.

पहिल्या वर्षी नऊ पेट्या झाल्या, दुसऱ्या वर्षी आठ. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते, त्यामुळे गाव आटत चाललंय हे मला इतरांच्या आधी दिसलं. मी रुजू झाले तेव्हा दुपारी एकशे दहा ताटं लागायची. मग नव्वद, मग साठ. १९७९ साली शाळा बंद झाली, तेव्हा शेवटच्या दिवशी मी तेवीस मुलांना डंपलिंग आणि बदक वाढलं आणि मोठी पातेली घासून उलटी घातली. माझा नवरा एर्विन तोवर वारला होता. माझी मुलगी रोझली डेन्व्हरला गेली होती आणि तिच्या वर्गातली बाकीची जिथं तिथं. दोन वर्षांनी व्लास्ताही वारली. लुमीर एकटाच पेट्या करत राहिला. वर्षाला दोन, मग एक. १९८३ मध्ये वाव्रांच्या मुलीला शेवटची पेटी मिळाली, एकोणऐंशीवी. त्यानंतर लिपात पाळणाच हलला नाही.

१९८५ च्या ऑक्टोबरात रोझलीला मुलगी झाली. रोझली अडतिसाव्या वर्षाला आलेली, दहा वर्षं वाट पाहिलेली. फोन ठेवला आणि मी तशीच, ॲप्रन न सोडता, रस्ता ओलांडून लुमीरच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे त्याच्या घरामागचं गॅरेज. तो कसलीशी फळी रंधत होता.

"सतरा नंबर काढून ठेव," मी म्हटलं. "रोझलीला मुलगी झाली."

सतरा नंबर आमच्या वडिलांचा.

रंधा थांबला. "झाली? दोघी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. साडेसहा पौंड. नाव टेसा."

"छान. छान झालं गं." त्यानं चष्मा काढून पुसला आणि परत रंधा हातात घेतला.

"मग? कधी करतोस?"

"काय?"

"पेटी, दुसरं काय!"

तो ढलप्या झटकत म्हणाला, "बीना, ती डेन्व्हरला राहते."

"मला माहीत आहे ती कुठं राहते. मीच पत्र टाकते तिला."

"पत्ता लिपाचाच हवा."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. पण लुमीरला थट्टा करताना डावी भुवई उचलायची सवय होती, आणि भुवई जागच्या जागी होती.

"अरे, तुझी भाची आहे ती! तुझ्या या भुश्यात लोळून मोठी झालीय."

"मारेशच्या नातवाला मी नाही म्हटलं, तो कॅन्सासला जन्मला म्हणून. ड्लौहींच्या जुळ्यांना नाही म्हटलं. त्यांची आजी इथं या स्टुलावर बसून रडली. आता आपल्या घरच्याला हो म्हणू? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? खिडकीतून बघ जरा. रस्त्यावर एक कुत्रं तरी दिसतंय का?"

त्यानं खिडकीतून पाहिलं नाही. "काचेवर नंबर आहे. नंबराच्या मागं गाव आहे. गाव नसलं तर तो नुसता आकडा. डेन्व्हरच्या कपाटावर सतरा म्हणजे काय? काही नाही."

"आणि गावात पोरंच होत नाहीत, त्याचं काय? ती त्रेपन्न दारं काय तुझ्या शवपेटीला लावायची आहेत?"

हे बोलायला नको होतं. बोलून गेले.

लुमीरनं शांतपणे रंधा खाली ठेवला. "लाव," तो म्हणाला. "तुझ्या हाताला जमलं तर लाव."

त्यानंतर सोळा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोनशे माणसांच्या गावात, समोरासमोरच्या घरांत राहून न बोलणं सोपं नसतं. त्याला कष्ट पडतात. तो चर्चमध्ये डाव्या बाजूला बसायला लागला. मी शनिवारी कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, करायचे आणि त्याच्या वाटणीचे सहा उगाच फ्रीजमध्ये वाळून जायचे. निरोप जायचे ते पोस्टातल्या लेनोरामार्फत. लेनोरा ही आमची पोस्टमास्तरीण. बाई बोलकी, आणि आमच्या भांडणानं तिची करमणूक होत होती.

"तुझा भाऊ विचारत होता, तुझा नळ गोठला का म्हणून."

"त्याला सांग, माझा नळ माझी मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर घराबाहेरच्या नळाला गोणपाट गुंडाळून वर व्यवस्थित सुतळी बांधलेली. गाठ लुमीरची. मी ती सोडली नाही, आणि आभारही मानले नाहीत.

१९८७ च्या फेब्रुवारीत त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. लिंकनला, तीन दिवस. जायच्या आदल्या दिवशी त्यानं लेनोराला म्हणे सांगितलं, "मांजराला कुणी खायला घातलं तर बरं होईल." आता त्याच्या घराची दुसरी किल्ली व्लास्ता असल्यापासून माझ्याकडंच होती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि लेनोरालाही. मी गेले.

मांजराला दूध घातलं आणि गॅरेजचं दार ढकललं. सोळा महिन्यांनी तो वास आला: अक्रोडाचा भुसा, जवसाचं तेल, सरस. भिंतीजवळच्या फळीवर उरलेली दारं नंबरवार लावलेली होती आणि प्रत्येक दार व्लास्ताच्या जुन्या फ्लॅनेलच्या गाऊनच्या तुकड्यात गुंडाळलेलं. तो निळा चौकटीचा गाऊन मी ओळखला. तो घालून ती अंगणात कपडे वाळत टाकायची.

खरं सांगते, चोरी करायच्या इराद्यानं मी गेले नव्हते. सतरा नंबर उघडून बघावा, इतकंच मनात होतं. काचेवरच्या एकच्या शेपटाचा सोनेरी रंग उडालेला होता. तो आमच्या लहानपणीही उडालेलाच होता. मी ते दार ॲप्रनच्या खिशात घातलं आणि घरी आले.

पेटी मी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर केली. लाकूड कुठलं, तर वडिलांच्या जेवणाच्या टेबलाला मधे घालायची एक जादा फळी होती. नाताळला माणसं वाढली की ती घालायचे. कैक वर्षांत ती लागली नव्हती. एर्विनची करवत गंजलेली, गुण्या हरवलेला. मी काटकोन वहीच्या पानाच्या कोपऱ्यानं धरला. दोन दिवस लागले. एक बाजू दुसरीपेक्षा जरा उंच झाली, ती कानसली, तर दुसरी उंच झाली. लुमीरसारखे सांधे मला जन्मात जमले नसते, म्हणून सरळ खिळे ठोकले. फटीत भुसा आणि सरस कालवून भरला. दार मात्र नीट बसलं. ते बसवून ढकललं, तेव्हा खट्‌कन लागलं आणि मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी पार्सल लेनोरापुढं ठेवलं. तिनं ते वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि एक अक्षर बोलली नाही. लेनोराच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

लुमीर परत आला गुरुवारी. रविवारी दुपारी माझ्या मागच्या दारावर टकटक झाली. डाव्या डोळ्यावर पट्टी, दाढी वाढलेली, आणि उरलेला डोळा माझ्यावर रोखलेला.

"सतरा नंबर कुठंय?"

"डेन्व्हरला."

तो तसाच उभा. मागून थंडगार वारा आत येत होता.

"आत ये नाहीतर बाहेर जा, दार लाव," मी म्हटलं. तो आत आला.

"पेटी कुणी केली?"

"मी."

"तू?"

"मी. तूच म्हणालास ना, हाताला जमलं तर लाव म्हणून."

"लाकूड?"

"बाबांच्या टेबलाची जादा फळी."

तो खुर्ची ओढून बसला. मला वाटलं, वादळ टळलं.

"आणि सांधे?" त्यानं विचारलं.

"खिळे मारले."

"खिळे!" त्यानं दोन्ही हात टेबलावर आपटले. "बाबांच्या दाराला खिळे! बीना, अगं कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात खिळे! दोन हिवाळ्यांत लाकूड फुगेल, चिरेल, कोपरे उघडे पडतील. आत्ताच्या आत्ता परत मागव. मी करून देतो."

"मागवणार नाही."

"का?"

"तुझा पत्ता लिपाचा, तिचा डेन्व्हरचा. तुला कशाला तोशीस?"

आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो. काय काय बोललो ते आता सांगत नाही. सोळा महिन्यांचं तुंबलेलं होतं. आईच्या भांड्यांपासून १९३८ सालच्या एका सायकलीपर्यंत सगळं निघालं. आणि त्या गदारोळातच फोन वाजला. रविवारी तीनला रोझलीचा फोन यायचा.

"ममा, पेटी पोचली," रोझली म्हणाली. मागं बाळाचं भोकाड चाललेलं. "फार सुंदर आहे गं. मी रडलेच उघडल्यावर. पण ती उघडते कशी? टेसानं वरून नाणं टाकलं आणि आता तिला ते परत हवंय. तासभर झाला, रडतेय. ग्रेग म्हणतो, मागनं फळी काढू का?"

मी रिसीव्हर धरून उभी राहिले. उघडते कशी? मला माहीतच नव्हतं. लहानपणी रोज सकाळी टपाल आणायचं काम लुमीरचं होतं. मी गाई पिळायचे. वडिलांनी ती तीन अक्षरं फक्त त्यालाच सांगितली होती, आणि ती कुणालाही, अगदी मलाही, सांगायची नाहीत अशी शपथ घातली होती. दार खट्‌कन लागल्यावर मी खूश झाले होते. ते पुन्हा उघडायचं कसं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"काय झालं?" लुमीरनं विचारलं.

"उघडत नाहीये. ग्रेग मागची फळी काढतोय."

"दे इकडं!" त्यानं माझ्या हातातून रिसीव्हर हिसकावूनच घेतला. "रोझली? मी बोलतोय. हो. हो, डोळा बरा आहे. त्याला म्हणावं पकड खाली ठेव. ठेवली? आता ऐक. काटा धर आणि आधी दोन वेळा पूर्ण उजवीकडं फिरव. घाई करू नको, ते दार घाई केली की रुसतं. आता डी. डीवर नाही, डीच्या जरा पुढं. डी आणि ईच्या मधे, पण डीकडं झुकून. थांबलीस? आता डावीकडं, एकदा एचच्या पुढं जाऊ दे, परत येशील तेव्हा एचवर थांब…"

बोलताना त्याचा पट्टी नसलेला डोळाही मिटलेला होता. उजवा हात हवेत होता आणि दोन बोटं न दिसणारा काटा फिरवत होती, उजवीकडं, डावीकडं, अगदी थोडं परत मागं. पन्नास वर्षं झाली होती त्या दाराचा काटा फिरवून. आठ वर्षांचा असताना तो खोक्यावर चढून ते उघडायचा.

"आता ए. हळू. आणि आता मूठ वळव."

तो थांबला. मग त्याचा चेहरा असा काही झाला की मी स्वयंपाकाच्या ओट्याकडं तोंड केलं. पलीकडं रडणं थांबलं होतं. रोझली काहीतरी सांगत होती.

"काय करतेय?" लुमीरनं विचारलं. "परत टाकतेय? टाकू दे. दार लावतेय? लावू दे. मी आहे इथं. परत उघडू."

त्यांनी ते चार वेळा उघडलं. दुपारचा, लांबचा, महागडा फोन. मी घड्याळाकडं पाहिलं नाही. शेवटी रोझलीनं फोन टेसाच्या तोंडाशी धरला असावा, कारण लुमीर बराच वेळ नुसता ऐकत राहिला आणि मधेच, "हो का? असं का? मग पुढं?" म्हणत राहिला. टेसाला तेव्हा बोलताही येत नव्हतं.

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. मी कोलाचे पुढं ठेवले. त्यानं चार खाल्ले. खसखस दाढीत अडकली.

"खिळे मारलेस," तो म्हणाला, पण आवाज दुसराच होता.

"मारले."

"मारेशचा नातू किती वर्षांचा असेल आता?"

"नऊ असेल. विचिटाला असतात ते."

"उशीर झाला का गं?"

"नऊ म्हणजे काही म्हातारा झाला नाही," मी म्हटलं.

त्यानं आणखी एक कोलाच उचलला. "ड्लौहींच्या त्या दोघी कुठं असतात?"

मी उठून कपाटातली वही काढली. बावीस वर्षं मी त्या गावच्या पोरांना जेवायला घातलं होतं. कोण कांदा काढून ठेवतं, कोण दुसऱ्याच्या ताटातला पाव पळवतं, हे मला ठाऊक होतं, आणि नाताळची कार्डं टाकायला सगळ्यांचे पत्तेही माझ्याकडं होते. ऑरेगन, टेक्सस, अलास्का. एक जण जर्मनीत, लष्करी तळावर. लुमीरनं वही आपल्याकडं ओढली आणि नाक टेकवून एकेक पान वाचू लागला.

पुढचे तीन हिवाळे मी त्याच्या गॅरेजमध्ये काढले. मी पॉलिश पेपर मारायचे, तेल लावायचे, पत्रं लिहायचे. तो सांधे कापायचा. ज्यांनी गाव सोडलं होतं, त्यांच्या मुलाबाळांसाठी पेट्या जायला लागल्या. घरचा नंबर शिल्लक असला तर तोच, नाहीतर शेजाऱ्याचा, मामाचा, ज्याच्याशी त्यांच्या आजोबांची रोज पोस्टात गाठ पडायची त्याचा. लेनोरा पार्सलं काट्यावर ठेवता ठेवता म्हणायची, "नवीन पेट्यांपेक्षा या जुन्यांनीच मला जास्त काम लावलंय."

पहिल्या काही पेट्यांच्या तळाला लुमीरनं, दारामागचं कुलूप पाहून काढलेल्या अक्षरांची चिठ्ठी चिकटवली होती. मग एकदा मी पाहिलं, तर चिठ्ठीवर अक्षरं नव्हतीच. नुसता त्याचा फोन नंबर.

"हे काय? पोरं उघडणार कशी?"

"फोन करतील," तो म्हणाला. डावी भुवई वर गेली होती.

आणि करायचे. रविवारी दुपारी लुमीर फोनजवळून हलत नसे. आधी मूल बोलायचं, मग आई किंवा बाप. टेक्ससचा एक ट्रकवाला, आमच्या शाळेत होता तेव्हा सदा नाक गळायचं त्याचं, त्यानं मुलासाठी अक्षरं विचारून घेतली आणि मग म्हणाला, "लुमीरकाका, बेकरीच्या मागं ते जर्दाळूचं झाड आहे का अजून?" लुमीर म्हणाला, "झाड आहे, बेकरी नाही." मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात लुमीरचा हात थरथरायला लागला. त्यानं मला पटाशी धरायला लावली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला शिकवणं त्याला आवडत नव्हतं आणि मला शिकणं. "लाकडाला विचारून मार," तो ओरडायचा. मी म्हणायचे, "विचारलं, ते म्हणालं तुझ्या भावाला गप्प बसव." पाच पेट्या मी बिघडवल्या, त्या सरपणात गेल्या. सहावी त्यानं हातात घेतली, खिडकीपाशी नेली, चारी कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला, सांध्यात नख घालून पाहिलं, उलटी केली, सुलटी केली.

"चालेल," तो म्हणाला.

मी घरी जाऊन एकटीच एक ग्लास बिअर प्यायले.

१९९० च्या मार्चमध्ये त्याला न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवसांत तो गेला. दफनाला ऑरेगनपासून माणसं आली. मी चर्चच्या तळघरात जेवण करायला उभी राहिले, तर मोठं पातेलं काढावं लागलं. कितीतरी जणांनी मला कोपऱ्यात घेऊन त्यांची त्यांची तीन अक्षरं हळूच कानात सांगितली, जणू मला ती माहीत असणं आता गरजेचं होतं.

फळीवर दोन दारं उरली होती. त्रेसष्ट नंबर वाव्रांच्या ऑरेगनमधल्या पणतवासाठी ठरलेला होता, तो मी उन्हाळ्यात करून पाठवला. दुसरं एकशे चार. ते कुणाचं, हे लुमीरलाही शेवटपर्यंत आठवलं नव्हतं. म्हणून तर ते मागं राहिलं. मी लेनोराला विचारलं, चर्चचे जुने कागद पाहिले, थडग्यांवरची नावं वाचत फिरले. एकही नाव जुळेना.

परवा मी वीस मैल गाडी हाकत तालुक्याच्या वृद्धाश्रमात गेले. तिथं ड्लौहींची आजी असते, चौऱ्याण्णव वर्षांची. ऐकू कमी येतं, बाकी सगळं लख्ख. मी फ्लॅनेल सोडून दार तिच्या मांडीवर ठेवलं.

"एकशे चार," मी ओरडून म्हटलं. "कुणाचं होतं हे?"

तिनं काचेवर बोट फिरवलं. "कुणाचंच नव्हतं," ती म्हणाली. "ही काच बावीस साली तडकली होती, म्हणून ते कुणी भाड्यानं घेईना. मग बदलली काच, पण तोवर म्हाताऱ्या पोस्टमास्तराला सवय लागली होती. तो त्यात त्याचं जेवण ठेवायचा. लसणाचं सॉसेज! अख्ख्या गावच्या पत्रांना वास यायचा. माझ्या नवऱ्यानं लग्नाआधी मला पत्र पाठवलं होतं ना, त्यालासुद्धा!"

आणि ती हसायला लागली, दात काढून ठेवलेल्या तोंडानं, खांदे हलवत. मीही हसले. परतताना शेतांमधल्या सरळ रस्त्यावर गाडी चालवता चालवता मला पुन्हा पुन्हा हसू येत होतं. लिपात शिरले, डावीकडं वळले, लुमीरच्या अंगणात गाडी उभी केली आणि दोनदा हॉर्न वाजवला.

मग आठवलं.

त्याचं मांजर, आता माझंच म्हणायचं, पायरीवरून उठून गाडीपाशी आलं. मी गॅरेज उघडलं, दिवा लावला आणि अक्रोडाची एक फळी काढून रंध्याखाली धरली. एकशे चार नंबरची पेटी मी माझ्यासाठी करतेय. एक सांधा काल झाला. दुसरा आज कापायचाय.